झोळी कोणी धरायची?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या या अंकात गुरुचरित्रावर, दत्तक्षेत्रांवर, अनुभवांवर अधिकारी मंडळी लिहितातच. मी आपला बँकेत छत्तीस वर्षं कारकुनी केलेला, वाणिज्य शाखेचा पदवीधर माणूस. माझा अधिकार खतावणीपुरता. तरी गेली दोन-तीन वर्षं एक प्रश्न मनात घोळतो आहे, तो आपल्यापुढे ठेवतो. कॉलेजातली मुलं आम्हा म्हाताऱ्यांसाठी निरनिराळे उपक्रम घेऊन येतात. तेव्हा सेवा नेमकी कोण कोणाची करतो? आणि ती खरी सेवा झाली, असं कशावरून म्हणायचं?

प्रश्न साधा वाटेल. पण आपल्या देशात २०११च्या जनगणनेतच साठीच्या पुढची माणसं १० कोटींच्या वर होती. म्हणजे हा काही एका संघाचा नाही की एका वृद्धाश्रमाचा नाही, घराघरातला प्रश्न आहे.

आधी ही मुलं येतात कशी ते सांगतो. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे मुलांच्या भाषेत एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. ते गांधीजींच्या जन्मशताब्दीचं वर्ष. तेव्हा ३७ विद्यापीठांतले ४० हजार विद्यार्थी तिच्यात होते. आज ती गावोगावच्या कॉलेजांत आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास समाजाचं काम करायचं, असं दोन वर्षं, आणि एक सात दिवसांचं शिबिर करायचं. नव्या शैक्षणिक धोरणात तर अशा कामाला श्रेयांकही मिळतात. त्यात १ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला ज्येष्ठांचा दिवस. त्यामुळे त्या सुमारास प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघात आणि वृद्धाश्रमात मुलामुलींची एखादी तुकडी येतेच येते.

आमच्याही संघात येते. पहिल्या वर्षी बॅनर आला, गुलाबाची फुलं आली, बिस्किटांचे पुडे आले. अंताक्षरी झाली. एका मुलीने पसायदान फार गोड म्हटलं. मग सगळ्यांचा एक फोटो निघाला आणि दीड तासात मंडळी गेली. मुलांनी मेहनत केली होती, वागणं नम्र होतं, नावं ठेवायला काहीच जागा नव्हती. तरी ती गेल्यावर आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "मार्कांसाठी येतात हो. सर्टिफिकेट मिळालं की झालं." दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

मला ते पटलं नाही. अहो, आपण तरी काय केलं? बँकेत मी काउंटरवर बसलो तो पगारासाठी. एक तारखेला पगार खात्यावर पडला नसता तर दोन तारखेला मी गेलो नसतो. पण म्हणून पेन्शन घ्यायला आलेल्या आजींचा फॉर्म मी भरून दिला, तो खोटा भरला का? माणूस कामाला लागतो तो बहुतेक वेळा पोटासाठी, नावासाठी नाहीतर कोणीतरी सांगितलं म्हणून. गोडी लागते ती मागाहून. मंदिरात लहान मूल येतं ते खडीसाखरेसाठी, त्याला आपण हाकलून देत नाही. तेव्हा मुलांच्या मनात काय आहे, याचा हिशोब आपण करू नये. तो करणारा वर बसला आहे. आपण एवढंच पाहावं, की या भेटीत म्हाताऱ्या माणसाला कोणती जागा मिळाली. माझ्या मते सगळं घोडं तिथेच अडतं.

पुढच्या वर्षी कॉलेजातल्या प्राध्यापकबाईंनी जरा वेगळं ठरवलं. एकाच दिवशी चाळीस मुलं आणण्याऐवजी सहा मुलं, दर शनिवारी दोन तास. मोबाईल शिकवायचा. यूपीआयने पैसे कसे द्यायचे, नोव्हेंबरात लागणारा हयातीचा दाखला बँकेत रांग न लावता मोबाईलवर चेहरा दाखवून कसा करायचा, ओटीपी कोणालाही का सांगायचा नाही, पोलीस असल्याचं सांगून फोनवरच 'डिजिटल अटक' करणारे भामटे कसे ओळखायचे, हे सगळं. फार उपयोगाचं काम. मी बँकेतला माणूस, मला त्याची किंमत कळते. आयुष्यभराची पुंजी एका फोनवर गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

पण मला सांगायची गोष्ट मोबाईलची नाही.

आमच्या संघात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी येतात. ऐन उमेदीत शिलाई मशीन चालवून त्यांनी तीन मुलं शिकवली. आता मशीन माळ्यावर आहे. संघात त्या मागच्या खुर्चीत बसायच्या, चहा झाला की जायच्या. मोबाईलच्या वर्गातही "मला नाही रे बाबा कळत" म्हणून मागेच. एका शनिवारी एका मुलीच्या दप्तराचा पट्टा तुटला. ती त्याला गाठ मारायला लागली, तर आजी म्हणाल्या, "आण इकडे. गाठ मारून उद्या परत तुटेल." पिशवीतून सुईदोरा काढला आणि दहा मिनिटांत पट्टा असा पक्का करून दिला, की मुलगी बघतच राहिली. "आजी, मला शिकवाल का?" एवढंच ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी तीन मुली जुने कपडे घेऊन आल्या. एकीला तुरपाई शिकायची होती, एकीला बटणाचं काज. आजी अर्धा तास आधीच येऊन बसलेल्या. त्यांची सून माझ्या पत्नीला सांगत होती, त्या दिवशी घरी पाहुणे येणार होते, तर आई म्हणाल्या, "मला नाही जमणार थांबायला. मला जायलाच पाहिजे, मुली येणार आहेत." कितीतरी वर्षांत 'जायलाच पाहिजे' हे शब्द आईंच्या तोंडून आपण ऐकले नव्हते, असं सून म्हणाली.

वाचकहो, याच शब्दांपाशी मी अडलो आहे. गुलाब मिळाला, बिस्किटं मिळाली, तेव्हा आजींना ते शब्द सापडले नव्हते. मोबाईल शिकवायला मुलं आली तेव्हाही नाही. कोणीतरी त्यांच्याकडे काही मागितलं, तेव्हा सापडले.

म्हातारपणात पैशाची चणचण असते, दुखणी असतात, हे खरंच. त्यासाठी २००७ साली कायदाही झाला. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा तो कायदा. न्यायाधिकरणाकडे अर्ज केला तर मुलांना दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता द्यायला लावता येतो. कायदा हवाच. पण कोणतंही न्यायाधिकरण असा हुकूम काढू शकत नाही, की या माणसाची कोणाला तरी गरज भासली पाहिजे. सगळे देतात, कोणी मागत नाही, हे दुखणं औषधाच्या यादीत बसत नाही.

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. बचत खात्यात ग्राहकाने स्वतः दोन वर्षांहून अधिक काळ काही व्यवहार केला नाही, तर बँक ते खातं निष्क्रिय धरते. त्यात रक्कम असते. व्याजही वेळच्या वेळी जमा होत राहतं. पण बँकेने आपणहून जमा केलेलं व्याज हा ग्राहकाचा व्यवहार धरत नाहीत. खातेदाराने स्वतः येऊन काही काढावं, काही भरावं लागतं, तेव्हा खातं जागं होतं. दहा वर्षं तसंच पडून राहिलं तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. कितीतरी म्हातारी माणसं अशी असतात. शिल्लक भरपूर, व्यवहार बंद. मुलं, सुना, संस्था, सरकार आपापल्या परीने व्याज जमा करतात, औषध देतात, फळं देतात, शाल देतात. खातं मात्र निष्क्रियच राहतं, कारण काढायला कोणी येत नाही.

वाणिज्य शाखेत पहिल्या वर्षी शिकवतात, की प्रत्येक नावेला जमा असते. एका बाजूचीच नोंद केली तर तेरीज जुळत नाही. मुलांच्या वहीत 'ज्येष्ठांना अमुक दिलं' एवढीच नोंद असेल तर ती अर्धी नोंद आहे. 'ज्येष्ठांकडून अमुक घेतलं' ही दुसरी ओळ लिहिली, म्हणजे पान जुळतं.

आता हे मी काही नवीन सांगत नाही. आपल्या दत्तसंप्रदायाने हे केव्हाच सांगून ठेवलं आहे. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला अवधूत भेटतात. नाथमहाराजांचं एकनाथी भागवत म्हणजे याच स्कंधावरची टीका. अवधूतांनी चोवीस गुरू केले, हे आपल्याला पाठ असतं. पण एक गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. मुळात त्या अवधूतांना तरुण म्हटलं आहे. राजा यदू एका तरुणाला विचारतो, "ही बुद्धी तुला कुठून आली?" आणि तो तरुण ज्या गुरूंची नावं घेतो, त्यांत एक लहान बालकही आहे, कांडण करणारी एक कुमारिका आहे, बाण घडवणारा एक कारागीर आहे. वयाने कोण मोठा, कोण लहान, हा हिशोबच तिथे नाही. ज्याच्याकडे घ्यायला काही आहे आणि ज्याला घ्यायचं कळतं, त्या दोघांचं नातं जुळतं. मोबाईलचा वर्ग चालू असताना वीस वर्षांचा मुलगा माझा गुरू असतो. मी त्याला 'सर' म्हणतो, तो लाजतो. अर्ध्या तासाने तोच मला विचारतो, "काका, कर्जाचा हप्ता आधी फेडला तर व्याज कसं कमी होतं?" मग मी पाटी-पेन्सिल घेतो. यात सेवा कोणी कोणाची केली?

दुसरी गोष्ट आम्हा म्हाताऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. त्या चोवीस गुरूंपैकी बहुतेकांनी उपदेशाचा एक शब्द काढलेला नाही. पृथ्वीने व्याख्यान दिलं नाही. अजगर बोलला नाही. बाण करणाऱ्याला तर शेजारून राजाची स्वारी गेलेली कळली नाही. घेणाऱ्याने घेतलं. आम्ही मात्र मुलं येऊन बसली की "आमच्या वेळी असं नव्हतं" इथून सुरुवात करतो. ती बिचारी मान हलवतात आणि घड्याळ बघतात. पिकलेला केस हा काही गुरुपणाचा दाखला नव्हे. आजींनी सुई हातात घेतली, संस्कारांवर भाषण केलं नाही, म्हणून मुली परत आल्या.

आणि तिसरी गोष्ट. कपोत पक्षी, पतंग, गळाला लागलेला मासा, यांच्याकडून अवधूत शिकले ते कसं वागू नये हे. कपोत पिल्लांच्या मोहात सगळ्या कुटुंबासकट जाळ्यात गेला, तरी त्याचं नाव गुरूंच्या यादीत मानाने आहे. म्हणजे ज्याचं आयुष्य चुकलं, त्याच्याकडेही मागण्यासारखं काही असतं. आमच्या संघात एक निवृत्त गृहस्थ आहेत, व्यसनापायी त्यांचा संसार विस्कटला. ते स्वतःच मुलांना सांगतात, कसं सुरू झालं आणि कुठे थांबता आलं असतं. मुलं जितक्या शांतपणे त्यांचं ऐकतात, तितक्या शांतपणे कोणत्याही पाहुण्याचं ऐकलेलं मी पाहिलं नाही.

आता झोळीचं सांगतो. दत्तप्रभू काशीला स्नान करतात, करवीरात माध्यान्हीची भिक्षा घेतात आणि माहूरला निद्रा करतात, अशी आपली श्रद्धा. ज्याला कशाची कमी नाही, तो झोळी घेऊन दारात का उभा राहतो? गाणगापूरला गेलेल्यांना माहीत आहे, कितीही मोठा माणूस असो, तिथे पाच घरी माधुकरी मागतो. मोटारीतून आलेला, बोटांत अंगठ्या घातलेला माणूस एखाद्या गरीब बाईसमोर पदर पसरतो. तिने भाकरीचा तुकडा घातला की तो कपाळाला लावतो. माझ्या अल्पबुद्धीला यातलं मर्म असं वाटतं, की मागणारा देणाऱ्याला मोठं करतो. त्या घडीला ती गरीब बाई दाता असते.

आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सात वार, सात घरं. त्यात उपेक्षाही असे, शिळंपाकंही मिळे. त्या दिवसांचं गोडवं गायचं कारण नाही, आणि कोणत्याही मुलावर ती पाळी पुन्हा येऊ नये. पण त्यात विद्यार्थी दारात यायचा तो घ्यायला. घरातली म्हातारी त्याची वाट पाहायची, "आज सोमवार, तो येईल" म्हणून भाकरी जास्त थापायची. आजचा विद्यार्थी येतो तो द्यायला. काळ चांगला झाला. पण विद्यार्थ्याच्या खांद्यावरची झोळी कोणी काढून घेतली, ती पुन्हा अडकवायला हवी, अन्नाची नसेल तर दुसऱ्या कशाची.

परदेशातलं एक उदाहरण वाचलं, ते इथे शोभेल. नेदरलँड्समध्ये देवेंतर नावाचं शहर आहे. तिथल्या ह्युमॅनिटास या वृद्धनिवासात २०१२ पासून काही कॉलेजविद्यार्थी राहतात. त्यांना भाडं नाही. त्याच्या बदल्यात महिन्याला तीस तास त्यांनी चांगल्या शेजाऱ्यासारखं वागायचं. म्हणजे काय, तर सोबत जेवायचं, गप्पा मारायच्या, कॉम्प्युटर शिकवायचा, आजारी असेल तर जवळ बसायचं. मला यात आवडलं ते हे, की मुलं तिथे घेणारीही आहेत. डोक्यावरचं छप्पर ती त्या घराकडून घेतात. व्यवहार दुहेरी आहे, म्हणून उपकाराचं ओझं कोणाच्याच मानेवर नाही.

आणि आपल्याकडचं उदाहरण तर ठाणे जिल्ह्यातलं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या गुलाबी साडीचा गणवेश घालून, पाठीला दप्तर लावून शाळेत जायला लागल्या. शिकवणाऱ्या बाईंच्या सासूबाई त्याच वर्गात विद्यार्थिनी. सून गुरू, सासू शिष्य. घरी नातवंडं आजीची पाटी तपासतात. अवधूतांच्या यादीत शोभेल असंच ते घर नाही का?

इथे कोणी म्हणेल, हे सगळं हिंडत्या-फिरत्या म्हाताऱ्यांचं झालं. जो अंथरुणाला खिळला आहे, ज्याला पोटच्या मुलाचं नाव आठवत नाही, त्याच्याकडे मागायचं काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून पुढे जाणं बरं नव्हे. माझ्या चुलत्यांची अखेरची चार वर्षं तशीच गेली. त्यांच्याकडे मागण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं आम्हालाही वाटायचं. पण शेजारचा एक बारावीतला मुलगा त्यांच्यापाशी बसून अभ्यास करायचा, कारण त्याच्या घरी जागा नव्हती. तो म्हणायचा, "आबांजवळ बसलं की मन शांत होतं." आबांना तो कोण हे माहीत नव्हतं. पण तो आला की त्यांची हाताची चाळवाचाळव थांबायची. तो मुलगा आबांकडे जागा मागायला आला होता. आबांनी ती दिली. त्यांना ते कळलं की नाही, मी सांगू शकत नाही. आमच्या घराला मात्र कळलं. त्यानंतर आम्ही आबांच्या खोलीचा उल्लेख 'आजाऱ्याची खोली' असा केला नाही, 'आबांची अभ्यासिका' म्हणू लागलो.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. प्राध्यापक मंडळींनी १२० तासांचा हिशोब लिहिताना चाळीस मुलांची एक भेट लावण्याऐवजी चार मुलांच्या अनेक भेटी लावाव्यात. दर आठवड्याला दोन तास म्हटलं तर वर्षात शंभर तास सहज होतात, आणि चेहरे ओळखीचे होतात. माणसं एकदा येतात ती कार्यक्रमाला, दुसऱ्यांदा येतात ती माणसाकडे. मुलांनी येताना फळं आणली नाहीत तरी चालेल, पण एक मागणं घेऊन यावं. एखादी रेसिपी, एखादा हिशोब, गावच्या जुन्या पुराची हकीकत, पेरणीची एखादी खूण, ओवी, टाका, नाहीतर नुसती बसायला जागा. आणि आम्ही ज्येष्ठांनी दोन पथ्यं पाळावीत. मागितलं तेवढंच द्यावं, भाषण जोडू नये. आणि आपल्याला काही येत नाही तिथे शिष्य व्हायला लाजू नये. मोबाईल हातात घेऊन नातवाच्या वयाच्या मुलाला "मला समजलं नाही, परत सांग" म्हणणं, हीसुद्धा साधनाच आहे. अहंकार गळायला याहून स्वस्त उपाय मला तरी ठाऊक नाही.

यंदाच्या दत्तजयंतीला उत्सवात कॉलेजची मुलं महाप्रसाद वाढायला येतील, चपला सांभाळायला येतील, रांगा लावतील. त्यांना शाबासकी द्याच. पण जमलं तर पंगत उठल्यावर एखाद्या मुलाला आपल्याजवळ बसवून घ्या आणि विचारा, "बाळ, तुला माझ्याकडून काय हवं?" तो आधी गोंधळेल, "काही नको, आजोबा" म्हणेल. थोडं थांबा. मागायची सवय त्यालाही नाही आणि द्यायची सवय आपलीही मोडली आहे. दोघांनाही वेळ लागेल. पण ज्या दारात झोळी येते, ते दार अजून जिवंत आहे, एवढा अर्थ त्या झोळीचा नक्की आहे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.